पान बंद, फाइल उघडी: मेंबरशिप साइटवर सदस्यांनी अपलोड केलेल्या फाइल्स कशा राखाव्यात

पुढचं वाचण्याआधी एक काम करून या. तुमच्या मेंबरशिप साइटवर सदस्य म्हणून लॉगिन करा आणि एखादी फाइल अपलोड करा. एका पानाची साधी पीडीएफ पुरे. अपलोड झालेल्या फाइलवर राइट क्लिक करून तिची लिंक कॉपी करा. मग ब्राउझरची इनकॉग्निटो विंडो उघडून ती लिंक तिथे पेस्ट करा. लॉगिनचं पान आलं तर निम्मी चिंता मिटली. फाइलच उघडली, तर सदस्यांनी विश्वासाने दिलेले कागद या क्षणी कुणालाही उघडता येताहेत.

दुरुस्तीला आलेल्या अशाच एका साइटवर सदस्यत्वाच्या अर्जासोबत ओळखपत्राचा स्कॅन मागत. पैसे मोजून घेतलेलं प्लगइन होतं, सदस्यांचा विभाग कडेकोट बंद होता. साइट चालवणाऱ्या गृहस्थांना मी त्यांच्याच फोनवर, लॉगिन न करता, त्यांचं स्वतःचं ओळखपत्र उघडून दाखवलं. ते बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, "पण आपल्याकडे प्लगइन आहे ना?"

होतं. आणि पानं राखायचं काम ते चोख करत होतं. फाइल राखायला त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

## गोम कुठे आहे

ब्राउझरने सदस्यांचं पान मागितलं की वेब सर्व्हर ती मागणी पीएचपी, पायथन किंवा जे काही असेल त्या अ‍ॅप्लिकेशनकडे सोपवतो. तिथे सेशन (कोण लॉगिन आहे याची सर्व्हरने ठेवलेली नोंद) तपासलं जातं, सदस्यत्वाची पातळी बघितली जाते, मगच पान मिळतं. फोटो, पीडीएफ, झिप मागितली की मात्र अपाचे किंवा एनजिनएक्ससारखा वेब सर्व्हर अ‍ॅप्लिकेशनला विचारतसुद्धा नाही. फाइल डिस्कवर आहे? आहे. वाचता येते? येते. मग घ्या. स्टॅटिक फाइल्स वेगाने द्यायच्या तर हेच योग्य आहे, म्हणून याला बग म्हणता येत नाही. पण प्लगइनचा सगळा कोड अ‍ॅप्लिकेशनच्या आत चालतो. जी मागणी तिथवर पोचतच नाही ती प्लगइन अडवणार कशी?

वर्डप्रेसमध्ये हे सगळ्यात ठळक दिसतं. तिथे मीडिया लायब्ररीत अपलोड झालेली प्रत्येक फाइल मुळात ‘अपलोड्स’ फोल्डरात वर्ष आणि महिन्याच्या उपफोल्डरांमध्ये जाते आणि फाइलचं नाव बहुतेक तसंच राहतं. म्हणजे पत्त्यात अंदाज करायला उरतं फक्त फाइलचं नाव. आणि लोक स्कॅन केलेल्या कागदांना काय नावं देतात? ‘पासपोर्ट’, ‘स्कॅन००१’, ‘बायोडेटा-फायनल’, ‘बायोडेटा-फायनल-२’.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, "पत्ता कुणाला कळणार आहे?" बऱ्याच जणांना. सदस्य स्वतःच लिंक ईमेलमध्ये आणि ग्रुपमध्ये टाकतात. डिरेक्टरी लिस्टिंग चालू राहिलं असेल तर फोल्डरचा पत्ता टाकताच आतली सगळी यादी उघडते, आणि अशी पानं शोधायची ठरलेली वाक्यं सर्च इंजिनात टाकणारे लोक कमी नाहीत. वर्डप्रेसची रेस्ट एपीआय (इतर प्रोग्रामना साइटवरची माहिती देणारी सोय) तर मीडिया लायब्ररीतल्या, कुठल्याच पोस्टला न जोडलेल्या किंवा प्रकाशित पोस्टला जोडलेल्या फाइल्सची यादी लॉगिनशिवाय देते, थेट पत्त्यांसकट.

आणि क्रमांक असतील तर अंदाज करायचीही गरज नाही. अमेरिकेतल्या फर्स्ट अमेरिकन या टायटल इन्शुरन्स (मालमत्तेच्या मालकीहक्काचा विमा) कंपनीची २०१९ सालची गोष्ट बघा. दस्तऐवजाच्या लिंकमध्ये एक क्रमांक होता. तो एकाने वाढवला की दुसऱ्याच कुणाचा तरी दस्तऐवज उघडायचा, पासवर्ड न विचारता. बँक खात्यांचे तपशील, कराचे कागद, ओळखपत्रं मिळून अशा सुमारे ८८.५ कोटी नोंदी उघड्या होत्या आणि त्यांतल्या जुन्यात जुन्या २००३ सालच्या होत्या. त्यासाठी कुठलंही हॅकिंग लागलं नाही. अ‍ॅड्रेस बारमध्ये एक आकडा बदलायचा, बस.

## पायरी पहिली: कुणाची फाइल, कुणाला दिसावी

कोडला हात लावण्याआधी कागद घ्या. साइटवर कुठून कुठून फाइल्स येतात ते लिहा: नोंदणीचा फॉर्म, प्रोफाइल फोटो, सपोर्ट तिकीट, चर्चेतली अटॅचमेंट, गृहपाठ, पैसे भरल्याची पावती. प्रत्येकीसमोर एकच उत्तर लिहा: ही कुणाला दिसायला हवी? फक्त अपलोड करणाऱ्याला आणि अ‍डमिनला, ठरावीक पातळीच्या सदस्यांना, सगळ्या सदस्यांना की सगळ्या जगाला?

ही यादी टाळायचा मोह होतो. टाळली की माणूस एक तर सगळं उघडं ठेवतो, नाहीतर प्रोफाइल फोटोसुद्धा कुलपात घालतो. मग एका पानावर चाळीस छोटे फोटो, प्रत्येकासाठी सेशन तपासणी, आणि साइट कासवाच्या गतीने चालायला लागते. फोटो सार्वजनिक असायला हरकत नसेल तर तो सार्वजनिकच ठेवा. कुलूप ओळखपत्रांसाठी राखा.

बहुतेक चुका ‘सदस्यांना दिसावी’ आणि ‘त्या सदस्याला दिसावी’ यांतला फरक न केल्यामुळे होतात. लॉगिन आहे का, एवढंच तपासणारी साइट एका सदस्याचे कागद दुसऱ्या सदस्याला खुशाल देते.

## पायरी दुसरी: फाइल्स वेबरूटच्या बाहेर काढा

वेब सर्व्हर ज्या फोल्डरातून साइट दाखवतो तो वेबरूट. खासगी फाइल्स त्याच्या आत ठेवूच नका. त्याच्या शेजारी, एक पातळी वर, वेगळं फोल्डर करा. मग त्या फाइल्सना थेट पत्ताच उरत नाही. नियम चुकला, प्लगइन बंद पडलं, अपडेटमध्ये सेटिंग उडालं, तरी त्या मिळत नाहीत. मला हाच उपाय सगळ्यात जास्त आवडतो, कारण तो कुणी काही विसरल्यावरही टिकतो.

पीएचपीच्या लाराव्हेल फ्रेमवर्कमध्ये ही सोय तयार आहे: ‘स्टोरेज’मधली खासगी डिस्क वेबरूटच्या बाहेरच असते आणि ‘पब्लिक’ डिस्क लिंक केल्यावर सगळ्यांना दिसते. चूक होते ती खासगी फाइल सवयीने पब्लिक डिस्कवर टाकण्याची. रूबीचं रेल्स फ्रेमवर्क वापरत असाल तर अ‍ॅक्टिव्ह स्टोरेजचे तयार कंट्रोलर मुळात सार्वजनिक असतात. लिंक लांबलचक आणि सही केलेली दिसते म्हणून फसू नका, ती हातात असलेल्या कुणालाही फाइल मिळते. तपासणी हवी तर स्वतःचा कंट्रोलर लिहावा लागतो.

होस्टिंगवर वेबरूटबाहेर लिहिता येत नसेल, किंवा प्लगइन ऐकत नसेल, तर दुसरा मार्ग म्हणजे फोल्डर आतच ठेवून सर्व्हरला नकार द्यायला सांगणं. अपाचे २.४ मध्ये त्या फोल्डरातल्या, त्याच्यापुरते नियम लिहायच्या, एचटीअ‍ॅक्सेस फाइलमध्ये ‘रिक्वायर ऑल डिनाइड’ ही एक ओळ पुरते. दिसायला सोपं आहे, पण या मार्गावर तीन खड्डे आहेत आणि तिन्हींत मी पडलो आहे.

पहिला म्हणजे मुख्य कॉन्फिगरेशनमध्ये ‘अलाउ ओव्हरराइड’ हे ‘नन’ असेल, आणि अपाचे २.४ मध्ये मुळात ते तसंच असतं, तर एचटीअ‍ॅक्सेस वाचलीच जात नाही. कुठलाही एरर येत नाही. फाइल नुसती पडून राहते.

दुसरा म्हणजे एनजिनएक्सला एचटीअ‍ॅक्सेस हा प्रकारच माहीत नाही. साइट अपाचेवरून एनजिनएक्सवर हलवली की त्या दिवसापासून कुलूप नाहीसं. यापेक्षा फसवी एक मांडणी असते: पुढे एनजिनएक्स, मागे अपाचे. पॅनेलमध्ये ‘स्टॅटिक फाइल्स एनजिनएक्सनेच द्याव्यात’ अशा अर्थाचा पर्याय चालू असला की पीडीएफची मागणी अपाचेपर्यंत जातच नाही. एचटीअ‍ॅक्सेस अगदी बरोबर लिहिलेली असते आणि तरी फाइल उघडते. एकदा या प्रकारात माझी अख्खी दुपार गेली.

तिसरा खास एनजिनएक्सचा. तुम्ही खासगी फोल्डरसाठी ‘डिनाय ऑल’ असा लोकेशन नियम लिहिता. त्याच कॉन्फिगरेशनमध्ये खाली कुणीतरी जेपीजी, पीडीएफ वगैरे एक्स्टेंशन्ससाठी कॅशिंगचा (प्रत साठवून ठेवण्याचा) नियम रेग्युलर एक्स्प्रेशनने (नमुना जुळवणाऱ्या सूत्राने) लिहून ठेवलेला असतो. एनजिनएक्समध्ये पत्त्याच्या सुरुवातीवरून जुळणाऱ्या साध्या नियमापेक्षा रेग्युलर एक्स्प्रेशन वरचढ ठरतं. म्हणजे मागणी कॅशिंगच्या नियमात जाते आणि तुमचा नकार बाजूलाच राहतो. उपाय म्हणजे तुमच्या लोकेशनच्या पत्त्याआधी ^~ हे चिन्ह लावायचं. मग एनजिनएक्स रेग्युलर एक्स्प्रेशन्सकडे बघत नाही.

जुन्या फाइल्स हलवताना आधी बॅकअप घ्या, डेटाबेसमधले पत्ते बदला आणि मूळ जागी प्रती ठेवू नका. ‘असू दे, लागेल’ म्हणून मागे ठेवलेलं जुनं फोल्डर पुढच्या वर्षी कुणाच्याही लक्षात नसतं.

## पायरी तिसरी: दाराशी विचारणारी स्क्रिप्ट

आता फाइल थेट मिळत नाही, तेव्हा ती देणारी एक स्क्रिप्ट लागेल. सगळ्या कामाचा गाभा हाच, म्हणून इथे घाई करू नका. स्क्रिप्टने पुढचा क्रम पाळायचा:

१. सेशन तपासा. लॉगिन नसेल तर लॉगिनच्या पानाकडे पाठवा.

२. लिंकमधून फक्त फाइलचा आयडी घ्या. नाव किंवा पत्ता कधीही घेऊ नका.

३. त्या आयडीची नोंद डेटाबेसमधून काढा: मालक कोण, प्रकार कोणता, डिस्कवर नाव काय.

४. या सदस्याला ही फाइल बघायचा अधिकार आहे का ते विचारा. नसेल तर ४०४ (‘अशी फाइलच नाही’) द्या.

५. योग्य हेडर (फाइलसोबत ब्राउझरला जाणाऱ्या सूचना) लावून फाइल द्या आणि लॉगमध्ये नोंद करा.

दुसऱ्या मुद्द्यात नावाला मनाई का? लिंकमध्ये ‘फाइल=अहवाल.पीडीएफ’ असं असलं की कुणीतरी तिथे ../../ टाकून कॉन्फिगरेशनची फाइल मागून बघतो, आणि तीत डेटाबेसचा पासवर्ड असतो. ठिपके गाळून टाकणारा कोड लिहिण्यात कष्ट घेऊ नका. तो चुकवायच्या युक्त्या जुन्या आणि भरपूर आहेत. आयडी घेतला की प्रश्नच मिटतो.

चौथा मुद्दा म्हणजे खरी तपासणी, आणि नेमकी तीच राहून जाते. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवॅस्प संस्थेच्या २०२१ च्या टॉप टेन यादीत ‘ब्रोकन अ‍ॅक्सेस कंट्रोल’ (अधिकारांची तपासणी ढिली असणं) पहिल्या क्रमांकावर होतं. लॉगिन केलेल्या सदस्याने आयडी बदलून दुसऱ्याची फाइल मागणं हे त्याचंच सगळ्यात साधं रूप. आयडी म्हणून १, २, ३ ऐवजी यूयूआयडी (लांबलचक ओळखक्रमांक) वापरा, जरूर वापरा. चौथ्या आवृत्तीच्या यूयूआयडीत १२२ बिट यादृच्छिक असतात, अंदाजाने कुणी पोचणार नाही. पण अंदाज न येणारी लिंक फॉरवर्ड करता येते. म्हणून यूयूआयडी असला तरी अधिकाराची तपासणी लागतेच.

४०३ न देता ४०४ का? ४०३ म्हणजे ‘फाइल आहे पण तुला मिळणार नाही’. अमुक नावाचा अर्ज आपल्याकडे आहे, हे सांगणंसुद्धा कधीकधी नको असतं.

पीएचपीत छोट्या फाइल्ससाठी ‘रीडफाइल’ ठीक चालतं. एक गोष्ट मात्र विसरू नका: तपासणी झाली की फाइल पाठवण्याआधी ‘सेशन राइट क्लोज’ करा. पीएचपी सेशनची फाइल लॉक करून ठेवते. सदस्याने मोठा व्हिडिओ डाउनलोडला लावला की तो संपेपर्यंत त्याच्यासाठी साइटची बाकी सगळी पानं अडकतात. तक्रार येते ती ‘साइट हँग होते’ अशी, आणि आपण डेटाबेस तपासत बसतो. आउटपुट बफरिंगही बंद करा, नाहीतर अख्खी फाइल मेमरीत गोळा होते.

मोठ्या फाइल्स असतील तर पीएचपीने फक्त परवानगी द्यावी आणि फाइल सर्व्हरनेच पाठवावी. एनजिनएक्समध्ये खासगी फोल्डरसाठी एक लोकेशन करून त्यावर ‘इंटर्नल’ लिहायचं; बाहेरून ते उघडत नाही. तुमची स्क्रिप्ट तपासणी करून ‘एक्स-अ‍ॅक्सेल-रिडायरेक्ट’ हे हेडर पाठवते, एनजिनएक्स ते वाचून फाइल देतो. अपाचेत याच कामासाठी ‘एक्स-सेंडफाइल’ आहे, त्याचं मॉड्यूल वेगळं बसवावं लागतं. लाइटस्पीडचं स्वतःचं हेडर आहे. डाउनलोड अर्धवट तुटून पुढे सुरू होणं, व्हिडिओ मधूनच पुढे सरकवणं हे सगळं मग सर्व्हर बघतो, तुम्हाला रेंज रिक्वेस्टचा कोड लिहावा लागत नाही.

वूकॉमर्स वापरणाऱ्यांसाठी: डाउनलोडच्या तीन पद्धतींपैकी ‘रिडायरेक्ट ओन्ली’ निवडू नका. ती सदस्याला फाइलच्या खऱ्या पत्त्यावर नेऊन सोडते, आणि तो पत्ता मग सगळ्यांचा होतो.

## पायरी चौथी: फाइल्स क्लाउडवर असतील तर

अ‍ॅमेझॉन एस३ किंवा तशाच सेवेत बकेट (फाइल्स ठेवायची जागा) खासगी ठेवायची आणि सदस्याने मागितल्यावर, तपासणी करून, थोड्या वेळापुरती सही केलेली लिंक द्यायची. एप्रिल २०२३ पासून एस३ वर नव्या बकेट्सना सार्वजनिक प्रवेश मुळातच बंद असतो, पण त्याआधीच्या बकेट्स जशा होत्या तशाच आहेत. एकदा जाऊन बघा.

सही केलेल्या लिंकची मुदत जास्तीत जास्त ७ दिवस ठेवता येते. ठेवता येते म्हणून ठेवू नका. ती लिंक म्हणजे ज्याच्या हाती त्याची. एस३ सदस्याला ओळखत नाही, फक्त सही आणि वेळ बघतो. डाउनलोडसाठी मी ५ मिनिटं ठेवतो. मुदत सुरुवातीलाच तपासली जाते, त्यामुळे चालू झालेलं मोठं डाउनलोड मध्येच तुटत नाही. व्हिडिओला जास्त वेळ लागतो, कारण प्लेअर तुकड्यातुकड्यांनी मागत राहतो आणि प्रत्येक तुकड्याला मुदत पुन्हा तपासली जाते.

आणि ही लिंक पान तयार होताना पानातच छापून ठेवू नका. सदस्याने बटण दाबल्यावर ती बनवा. पानात छापली की ती पानाच्या कॅशमध्ये जाते आणि मग दोन गोष्टी घडतात: कुणाला मुदत संपलेली लिंक मिळते, कुणाला दुसऱ्याची.

## पायरी पाचवी: कॅश

कुलूप उत्तम, स्क्रिप्ट उत्तम, आणि मध्ये सीडीएन, म्हणजे फाइल्सच्या प्रती साठवून त्या वाचकाजवळच्या सर्व्हरवरून देणारी सेवा. पहिल्या सदस्याने फाइल मागितली, तपासणी झाली, फाइल गेली आणि जाता जाता सीडीएनने एक प्रत स्वतःकडे ठेवली. दुसऱ्याने तीच लिंक उघडली तर ती सीडीएनच देतो, मागणी तुमच्यापर्यंत येतच नाही.

सीडीएनपैकी क्लाउडफ्लेअर मुळात फाइलच्या एक्स्टेंशनवरून ठरवतं. एचटीएमएल पानं ते साठवत नाही, पण जेपीजी आणि पीडीएफ साठवतं. म्हणजे लिंक छान दिसावी म्हणून तुम्ही स्क्रिप्टच्या पत्त्याच्या शेवटी ‘.पीडीएफ’ लावलंत आणि कॅशचं हेडर दिलं नाहीत, तर प्रत साठली. खासगी फाइलच्या उत्तरात ‘कॅश-कंट्रोल’ हेडरमध्ये ‘प्रायव्हेट’ आणि ‘नो-स्टोअर’ दोन्ही द्या. शिवाय सीडीएनच्या नियमांत हा पत्ता कॅशमधून वगळा, कारण ‘सगळं साठव’ असा नियम कुणीतरी कधीतरी लावलेला असू शकतो. साइटवर पानांचं कॅशिंग करणारं प्लगइन असेल तर तिथेही हेच.

## पायरी सहावी: प्रती शोधा

माझ्या अनुभवात गळती होते ती बहुधा इथूनच. आपण एक फाइल बंद करतो आणि तिच्या पाच प्रती फिरत असतात.

वर्डप्रेसचंच घ्या. डिसेंबर २०१६ च्या ४.७ आवृत्तीपासून, सर्व्हरवर सोय असेल तर, पीडीएफ अपलोड करताच तिच्या पहिल्या पानाचं चित्र जेपीजीत बनतं आणि त्याच फोल्डरात बसतं. तुम्ही पीडीएफसाठी नियम लिहिला, चित्र उघडंच. बँकेच्या स्टेटमेंटचं पहिलं पान दिसल्यावर दुसरं हवंय कुणाला? फोटोंचंही तसंच. एका फोटोच्या अनेक आकारांच्या प्रती बनतात आणि ५.३ पासून २५६० पिक्सेलपेक्षा मोठ्या फोटोची ‘स्केल्ड’ प्रत वेगळी होते, मूळ फोटो मात्र तिथेच राहतो. त्या मूळ फोटोत बहुधा एक्सिफ माहिती (फोटो कधी, कुठे, कशाने काढला याची नोंद) शाबूत असते आणि मोबाइलने काढलेल्या फोटोत तीत घराचं अचूक स्थान सापडू शकतं. म्हणून एक्स्टेंशनवार नियम लिहू नका. अख्खं फोल्डर बंद करा.

बाकीच्या जागा भरभर सांगतो. फॉर्म प्लगइन्स बहुतेक वेळा आपलं वेगळं फोल्डर करतात आणि अ‍डमिनला जाणाऱ्या ईमेलमध्ये फाइल जोडतात, मग ती इनबॉक्समध्ये कायमची. बॅकअपची झिप वेबरूटमध्ये पडलेली असते, तीही तारखेच्या नावाने. ‘टेस्ट’ नावाच्या सबडोमेनवर दोन वर्षांपूर्वीची अख्खी साइट फाइल्ससकट जिवंत असते. झिप उलगडणाऱ्या किंवा व्हिडिओ रूपांतर करणाऱ्या कामांची तात्पुरती फोल्डर्सही बघा.

## पायरी सातवी: येणाऱ्या फाइलवरही नजर

विषय चोरीचा असला तरी घरात शिरणाऱ्याबद्दल दोन शब्द. अपलोड फोल्डरात पीएचपी चालू देऊ नका. कुणी फोटोच्या नावाखाली स्क्रिप्ट चढवली आणि ती चालली तर वरच्या सगळ्या पायऱ्या व्यर्थ, कारण मग आतलाच माणूस फाइल्स बाहेर देतो. एक्स्टेंशनवर विश्वास ठेवू नका, फाइलचे सुरुवातीचे बाइट तपासा, आणि डिस्कवर नाव तुम्ही दिलेलं यादृच्छिक ठेवा. मूळ नाव डेटाबेसमध्ये राहू द्या.

एसव्हीजी हे चित्र दिसलं तरी त्यात स्क्रिप्ट असू शकते. ते तुमच्या साइटच्या डोमेनवर ब्राउझरमध्ये उघडलं तर बघणाऱ्या सदस्याच्या नावाने त्याच्या फाइल्स मागवू शकतं. म्हणून परक्या फाइल्स देताना ‘कंटेंट-डिस्पोझिशन’मध्ये ‘अ‍टॅचमेंट’ आणि सोबत ‘नो-स्निफ’ हेडर द्या. जमल्यास वेगळ्या डोमेनवरून द्या. गूगल आणि गिटहब वापरकर्त्यांच्या फाइल्स वेगळ्या डोमेनवरून देतात ते याच कारणाने.

## ज्यावर विसंबू नये

सर्च इंजिनांना ‘इथे येऊ नका’ सांगणाऱ्या रोबोट्सच्या फाइलमध्ये खासगी फोल्डरचं नाव लिहिणं म्हणजे चोराला नकाशा देणं; ती फाइल सगळ्यांना वाचता येते आणि ती पाळायची सक्ती कुणावरच नाही. राइट क्लिक बंद करणं हा निव्वळ सदस्यांना त्रास. रेफरर (मागणी कुठल्या पानावरून आली ते) तपासून हॉटलिंकिंग (दुसऱ्या साइटने आपली फाइल थेट वापरणं) अडवता येतं, बँडविड्थ वाचते, पण रेफरर हेडर हवं ते लिहून पाठवता येतं.

अधिकार असलेल्या सदस्याने फाइल डाउनलोड करून पुढे पाठवली तर ती कुठलाही सर्व्हर अडवू शकत नाही. विकत दिलेल्या साहित्यावर डाउनलोडच्या वेळी सदस्याचं नाव वॉटरमार्क म्हणून छापता येतं. त्याने पाठवणं थांबत नाही, हात जरा आखडता होतो.

## पायरी आठवी: तपासा, आणि पुन्हा तपासा

दोन चाचणी सदस्य तयार ठेवा, शिवाय सदस्यत्व संपलेला तिसरा. पहिल्याच्या नावाने फाइल चढवा. मग ती चार प्रकारे मागा: लॉगिन न करता, दुसऱ्या सदस्याने, मुदत संपलेल्याने आणि स्वतः मालकाने. फक्त शेवटच्याला मिळाली पाहिजे. हा क्रम महत्त्वाचा आहे. मालकाने उघडल्यावर पुन्हा पहिल्या तिघांनी मागून बघा. तेव्हा मिळाली तर कॅश गळतोय.

याशिवाय फाइलचा जुना थेट पत्ता, एक्स्टेंशन कॅपिटल अक्षरांत लिहिलेला पत्ता, छोट्या चित्राचा पत्ता आणि नुसत्या फोल्डरचा पत्ता टाकून बघा. ब्राउझर स्वतःच्या कॅशमधून दाखवून फसवतो, म्हणून कर्ल या कमांडने नुसते हेडर मागवणं बरं. २०० (‘ही घ्या फाइल’) दिसलं की थांबा आणि शोधा.

हे एकदा करून भागत नाही. होस्टिंग बदललं, सीडीएन लावला, मेंबरशिप प्लगइनची मोठी आवृत्ती आली की पुन्हा करा. मी या मागण्यांची एक छोटी स्क्रिप्ट रोज रात्री चालवतो; एकालाही चुकून २०० मिळालं की ईमेल येतो. सदस्यत्व संपल्यावर फाइल्स किती दिवस ठेवायच्या तेही ठरवून टाका आणि त्या खरोखर पुसणारं काम लावा. ओळखपत्र पडताळून झालं असेल तर ते ठेवायचंच कशाला?

## आधीच उघडं राहिलं असेल तर

पहिल्या परिच्छेदातल्या चाचणीत फाइल उघडली असेल, तर आधी फोल्डर बंद करा, मग सीडीएनचा कॅश पुसा, मग सर्च इंजिनांच्या वेबमास्टर साधनांतून ते पत्ते काढून टाकायची विनंती करा. हे झाल्यावर सर्व्हरचे अ‍ॅक्सेस लॉग ताबडतोब दुसरीकडे कॉपी करून ठेवा. त्या फोल्डरातल्या कुठल्या फाइल्सना २०० गेलं, कुठल्या आयपीवरून, एकाच आयपीने ओळीने किती मागितल्या, हे त्यांतच कळेल.

ताबडतोब म्हणतो, कारण डेबियन आणि उबंटूवर अपाचे, एनजिनएक्स बसवले की लॉग रोज बदलून १४ ठेवायचे, अशीच मुळातली सेटिंग येते. त्या ओळखपत्रांच्या साइटवरही ती कुणी बदलली नव्हती. फोल्डर उघडं होतं तीन वर्षं. १४ दिवसांत सर्च इंजिनच्या बॉटखेरीज कुणी आलेलं दिसलं नाही. त्याआधीचं विचारलं तेव्हा माझ्याकडे दाखवायला काहीच नव्हतं, आणि शेवटी सगळ्या सदस्यांना पत्र गेलं: तुमचं ओळखपत्र कुणी पाहिलं की नाही, हे आम्ही सांगू शकत नाही.